पाठमोरा गूच

आमच्या आवारात सहा बैठी घरं आहेत. मधोमध लिंबाचं झाड आहे आणि एक कारंजं आहे. त्यातून पाणी उडालेलं निदान माझ्या हयातीत तरी कुणी पाहिलेलं नाही. त्या कारंज्याची सगळी कसर समोरच्या घरातल्या वेंडेल गूचने भरून काढली. हा माणूस भिजण्यावर जगला. कुणी भिंती रंगवून पोट भरतं, कुणी दात उपटून. वेंडेल भिजून भरायचा.

बोलपट नवे नवे होते तेव्हा तो ओहायोतून हॉलिवूडला आला. डोक्यात अर्थातच नायक व्हायचं होतं. पण स्टुडिओतल्या कुणीतरी त्याचं ते गोल, फुगीर, स्वतःवर फार खूश असलेलं तोंड पाहिलं आणि ओळखलं, की या तोंडावर पाणी ओतलं तर लोक हसतील. तेव्हापासून छोट्या विनोदी पटांत त्याचं बस्तान बसलं. कधी हॉटेलचा मॅनेजर, कधी बँकेचा, कधी गावचा महापौर. पट कुठलाही असो, वेंडेल झकास कोट घालून येणार, नायकाला झापणार, आणि मग वरून बादली, बाजूने पाइप किंवा खाली तलाव, यातलं काहीतरी त्याच्या नशिबी असणार. निथळत उभा राहिला की तो हळूहळू मान वळवायचा आणि थेट कॅमेऱ्यात बघायचा, जणू ते पाणी थिएटरात बसून तुम्हीच ओतलंय. या प्रकाराला तो ‘नजर’ म्हणायचा. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा, की नजर ही देणगी असते, शिकून येत नाही. मी ती नजर पंचवीसेक पटांत पाहिली. दर वेळी मला पावसात विसरलेल्या गादीची आठवण झाली.

आता मी तरी कोण मोठा लागून गेलो? मी त्याच पटांत पोलीस असतो. शिट्टी फुंकत मागून पळतो आणि केळीच्या सालावरून घसरतो. फरक इतकाच की मी घरी येऊन ‘घसरणं ही देणगी असते’ असं कुणाला सांगत बसत नाही.

आवाराच्या तोंडाशी सगळ्यांचा मिळून एक टेलिफोन आहे. रोज सकाळी आम्ही तिथे रांग लावतो आणि काम वाटणाऱ्या कचेरीला फोन करतो. पलीकडची मुलगी म्हणते, “आज काही नाही, नंतर बघा,” आणि फोन ठेवते. आम्हीही ठेवतो. वेंडेल मात्र ठेवायचा नाही. मुलगी गेल्यावरही तो त्या मुक्या फोनात बोलत राहायचा, की गुरुवारी कसं जमणार, दुसरीकडे शब्द दिलाय, तुमच्या साहेबांना म्हणावं माझ्यासाठी थांबायचं तर थांबा. मागे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना तुटलेल्या फोनातला एकसुरी आवाज स्वच्छ ऐकू यायचा. कधी कधी माझी बायको फ्लॉसी मागूनच विचारायची, “काय म्हणाले रे साहेब, थांबतायत का?” त्यावरही त्याच्याकडे उत्तर तयार असायचं.

त्याच्या पहिल्या बायकोचं नाव इर्मा. तीही याच धंद्यातली. पटात त्याच्याबरोबर नाचायची आणि तो भिजायच्या आत शिताफीने बाजूला सरकायची. खऱ्या आयुष्यातही तिने तेच केलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच ती फ्रेस्नोच्या एका दातांच्या डॉक्टरबरोबर निघून गेली, त्यानंतर वेंडेलने तिचं तोंड पाहिलेलं नाही. तिचा एक मोठ्या हॅटमधला फोटो मात्र त्याच्या दिवाणखान्यात राहिला. प्रेम म्हणून नव्हे. त्या फोटोत मागे तोही उभा होता आणि तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते.

अशा या गृहस्थावर गेल्या साली लव्हिनिया स्टब्जबाईंचा जीव जडला.

बाई आयोवाच्या. नवऱ्यामागे त्यांनी बी-बियाण्याचं दुकान एकटीने चालवलं होतं. गुडघ्यांना ऊब हवी म्हणून ते विकून इकडे आल्या आणि कोपऱ्यातलं घर घेतलं. आल्या आठवड्यात त्यांनी कोरड्या कारंज्यात माती भरून घेवडा लावला, फाटकाजवळ जिरेनियम लावले आणि सगळ्या आवाराला सकाळी लवकर उठायला लावलं. त्यांच्या हातचा बटाट्यांबरोबर शिजवलेला गोमांसाचा रस्सा खाल्ला की फ्लॉसीच्या स्वयंपाकाबद्दल वाईट वाटतं, पण ते मी घरात बोलत नाही. हुशार बाई, व्यवहारी बाई. एका गोष्टीत मात्र अगदी भोळ्या. सिनेमातल्या माणसांशी त्यांचा आधी कधी संबंध आलेला नव्हता, त्यामुळे वेंडेल सांगेल ते त्या ऐकायच्या. तो सांगायचा, की मोठमोठ्या नायकांना हसू मिळतं ते माझ्यामुळे. तो सांगायचा, की स्टुडिओच्या दिव्यांची करामत अशी, की माणूस पंधरा वर्षांनी लहान दिसतो. बाई म्हणायच्या, “खरंच का हो, मिस्टर गूच?” आणि त्याला आणखी एक वाटी रस्सा मिळायचा.

फोटोतल्या बाईबद्दल मात्र त्यांनी सरळ विचारलं. वेंडेलनेही, नवल म्हणजे, सरळ सांगितलं. ही इर्मा, माझी पहिली बायको, युद्धाच्या आधी गेली, त्यानंतर भेट नाही की पत्र नाही. त्याने बाईंना सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत खरी अशी एवढी एकच होती. बाईंना ती पटली. जूनमध्ये मेथॉडिस्ट चर्चमध्ये लग्न ठरलं.

एप्रिलमध्ये त्याला काम आलं. फोनवरच्या मुलीने स्वतः होऊन त्याचं नाव घेतलं. सांगितलं, की तुमचा तो जुना हॉटेलवाला चौकड्यांचा कोट आहे ना, तो घेऊन या. वेंडेलने फोन ठेवला तोच मुळी नायक होऊन. म्हणाला, इतक्या वर्षांनी त्यांना कळलं, की ती नजर दुसऱ्या कुणाला जमत नाही.

मी त्याला काही बोललो नाही, पण आमच्या धंद्यातली रीत मला ठाऊक होती आणि त्यालाही ती ठाऊक असायला हवी होती. छोटे पट आता कुणाला परवडत नाहीत. म्हणून स्टुडिओवाले कपाटातून एखादा युद्धाआधीचा पट काढतात. त्यातली पळापळ, पाणी, पडझड सगळं तसंच ठेवतात. मागेपुढे जोडायला दोन दिवसांत थोडं नवं चित्रण उरकतात, नवं नाव देतात आणि नवा पट म्हणून थिएटरात लावतात. जुनी माणसं बोलवायची ती फक्त सांधा जुळवायला.

कोट काढला तर तो वेंडेलला होईना. पोट पट्ट्याने आवळलं तरी पाठ आवळता येत नाही. तेव्हा लव्हिनियाबाईंनी कोट मागून मधोमध उसवला आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या जुन्या पडद्याची हातभर पट्टी त्यात घातली. पट्टी हिरवी, कोट करडा. बाईंना ते पसंत नव्हतं. वेंडेल म्हणाला, “अहो, काळजी करू नका. कॅमेरा माझ्या तोंडावर असतो. पाठ कोण बघतंय?”

स्टुडिओत मीही होतो, पोलिसाच्या वेषात. दिग्दर्शक तिशीतला होता. त्याने वेंडेलला नमस्कार केला, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि पाठ बघून थबकला. मग कोट सांभाळणाऱ्या बाईला बोलावून त्या हिरव्या पट्टीला बुटाचं पॉलिश लावून घेतलं. वेंडेल म्हणाला, त्याची काही गरज नाही.

“गरज पाठीचीच आहे, मिस्टर गूच,” दिग्दर्शक म्हणाला. “तुम्ही आमच्याकडे पाठ करायची आणि त्या दाराकडे चालत जायचं. बस.”

“आणि नजर?”

“नजर आहे आमच्याकडे. जुन्या रिळाच्या डब्यात.”

दिवसभर वेंडेल पाठ करून त्या दाराकडे चालत राहिला. एकदा दाराशी पोचल्यावर त्याने हळूच मान वळवली. दिग्दर्शकाने काम थांबवलं आणि सांगितलं, “मान नको. मानेवरून वय कळतं.” त्यानंतर वेंडेल निमूट चालला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने माझ्या पानातला खिम्याचा मीट लोफही खाल्ला आणि नजरेचा विषयसुद्धा काढला नाही. मला वाटलं, आता हा उतरला जमिनीवर.

पण घर जवळ आलं तसा तो पुन्हा फुगत गेला. फाटकात लव्हिनियाबाई उभ्या होत्या. त्यांना त्याने सांगितलं, की आज अशी नजर दिली, अशी दिली, की कॅमेरावाल्याला हसू आवरेना आणि काम दोनदा थांबवावं लागलं. काम थांबलं होतं हे खरंच होतं, म्हणून मी गप्प बसलो. आणि खरं सांगायचं तर पुढची गंमत मला बघायची होती.

पट लागला तो गल्लीच्या टोकाच्या थिएटरात, शनिवारी दुपारी. वेंडेलने अख्खं आवार गोळा केलं. लव्हिनियाबाई निळी हॅट आणि हातमोजे घालून आल्या होत्या, चर्चला जावं तशा. वेंडेल त्यांच्या शेजारी, मी आणि फ्लॉसी मागच्या रांगेत.

पट सुरू झाला. आधी एक करड्या कोटाची रुंद पाठ दाराकडे चालत गेली. शिवणाऱ्या हाताला आपलं काम कुठेही ओळखू येतं. बाई पुढे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, “माझी पट्टी.” वेंडेलने त्यांच्या हातावर थोपटलं. मग दार उघडलं, पलीकडे नाचघर, आणि कॅमेरा पुढून. वेंडेल सडपातळ, डोक्यावर दाट काळे केस. बाईंनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. दिव्यांची करामत.

आणि त्याच्या मिठीत इर्मा. तीच मोठी हॅट, तोच चेहरा, फोटोतून नुकतीच उतरल्यासारखी. वेंडेलने तिचा हात ओठांना लावला, मग गालाला गाल लावून तिच्याबरोबर नाचला, आणि चांगला ऐसपैस नाचला, कारण जुन्या काळी पट घाईत करत नसत. मागून मला बाईंची फक्त हॅट दिसत होती. ती हॅट अजिबात हलत नव्हती. मग छताची टाकी फुटली, वेंडेल चिंब झाला, त्याने ती नजर दिली आणि पुढच्या रांगांतली पोरं खुर्च्यांवर उभी राहून हसली. बाईंच्या हातातली पॉपकॉर्नची पिशवी तेवढी चुरगळल्याचा आवाज आला.

आम्ही घरी परतलो. फाटकाशी आल्यावर बाई थांबल्या.

“हा पट गेल्या महिन्यातला ना, मिस्टर गूच?”

“हो. गेल्या महिन्यातला.”

“आणि या बाईंना तुम्ही युद्धाच्या आधीपासून पाहिलेलं नाही.”

वेंडेलने तोंड उघडलं. उत्तर अगदी सोपं होतं. पट जुना आहे, नवी फक्त पाठ आहे, एवढं म्हटलं की सुटला. त्याने तोंड मिटलं.

“वर त्यांच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नाही,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी त्यांनी फ्लॉसीला सांगितलं, की जूनमध्ये काही नाही, आणि केकसाठी फ्लॉसीचं भांडं मागून घेतलं होतं तेही धुऊन परत दिलं.

मी वेंडेलला आमच्या स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉफी दिली. चेष्टा करायचा सगळा बेत होता, पण तो खुर्चीत बसला तोच पोत्यासारखा. मी म्हटलं, अरे मूर्खा, जाऊन सांग तिला. नाहीतर मी सांगतो. मी होतो तिथे.

“नाही सांगायचं, क्लाइड.”

“ती तुला लबाड समजतेय. रंगेल समजतेय.”

“समजू दे,” तो म्हणाला. “रंगेल माणूस अजून चालू असतो. पण मी संपलोय आणि आता माझी फक्त पाठ चालते, हे तिला कळलं तर ती कुणाबरोबर लग्न करणार? पाठीबरोबर?”

इतका मोठा मूर्खपणा मी पटातही पाहिला नव्हता. रस्सा गेला, बायको गेली, तरी चालेल, पण नजर राहिली पाहिजे. फ्लॉसीने त्याला उरलेला फ्रूट-पाय दिला. तो संपवून वेंडेल म्हणाला, की आतलं सफरचंद जरा कच्चं होतं. आत पीच होता.

रविवारी चर्च सुटल्यावर बाई पाइपने घेवड्याला पाणी घालत होत्या. वेंडेल सजून निघाला. केस काळेभोर, पट्टा आवळलेला, हातात फुलं. ती फुलं फाटकाजवळच्या जिरेनियमची होती, म्हणजे बाईंचीच. मी आणि फ्लॉसी खिडकीत कॉफी घेऊन उभे. त्याने फुलं पुढे केली आणि बोलायला लागला. काय बोलला असेल? खरं? छे. म्हणाला, की इर्मा अजून आपल्या मागे लागलेली आहे. काम मिळवून द्या म्हणून गयावया करते, आपल्याला दया येते, आपण पडलो हळवे.

बाईंनी फुलांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पाइप वळवला.

आयोवाच्या बाईचा हात, त्यात बी-बियाण्याचं दुकान चालवलेलं. डोक्यापासून बुटांपर्यंत काही सोडलं नाही. वेंडेल हललाही नाही. निथळत उभा राहिला आणि सवय ती सवय, त्याची मान हळूहळू वळू लागली. कॅमेरा तर कुठे नव्हता. मग ती नजर येऊन थांबली ती आमच्या खिडकीवर. इतकी वर्षं मी त्या नजरेला हसलो नव्हतो. त्या दिवशी कॉफी नाकातून आली. फ्लॉसी तर ओट्याला धरून खाली बसली.

मग ते काळं उतरायला लागलं. कानामागून एक ओघळ, कपाळावरून दुसरा, कॉलरवर शाईच्या नद्या. केसांचा काळेपणा गेला आणि राखाडी उरलं. मधोमध तर केसच नव्हते, नुसता रंग होता. तिथे टक्कल उगवलं, गुलाबी आणि स्वच्छ.

बाईंनी नळ बंद केला. त्या टकलाकडे बघू लागल्या. दुकानात गिऱ्हाईकाने आणलेली बाद नोट जशी बघत असतील तशा.

“पटात केस होते तुम्हाला.”

“दिवे असतात...”

“दिव्यांनी केस उगवत नाहीत, मिस्टर गूच.” त्या एक पाऊल पुढे आल्या. “पाठ गेल्या महिन्यातली, ते मला ठाऊक आहे. ती मी शिवली. तोंड कधीचं?”

 वेंडेलच्या नाकाच्या शेंड्यावरून काळे थेंब पडत होते. इथे आम्ही दोघंही हसायचं विसरलो. फ्लॉसीने माझा दंड धरला. सांगून टाक, रे गाढवा, मी मनात म्हणत होतो. तीन शब्द आहेत.

“तोंडही,” वेंडेल म्हणाला, “गेल्या महिन्यातलं.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आता ओरडतील असं मला वाटलं. पण त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा.

“बरं,” त्या म्हणाल्या. “गेल्या महिन्यातलं.” आणि टॉवेल आणायला आत गेल्या.

जूनमध्ये लग्न झालं. वेंडेल आता केस रंगवत नाही, बाईंनी रंगाची बाटली फेकून दिली. बाकी सगळं तसंच आहे. तो फोनात बोलत राहतो आणि बाई रांगेत मागे उभ्या राहून साहेबांसाठी निरोप सांगतात. एवढी व्यवहारी बाई, तिनेही डोकं गहाण टाकलं, असं मी सगळ्यांना सांगतो आणि त्यात काही खोटं नाही.

या वर्षी स्टुडिओवाल्यांनी तो हॉटेलवाला पट तिसऱ्यांदा काढला, पुन्हा नव्या नावाने. या वेळी वेंडेलला बोलावलंही नाही. त्याची पाठ आता सांध्यात बसत नव्हती. स्टुडिओतला तसाच धड कोट कुणाच्या अंगाला बरोबर बसतो ते बघितलं आणि मला पोलिसांतून काढून दाराकडे चालायला लावलं. मी चाललो. मान वळवली नाही.

शनिवारी दुपारी पुन्हा सगळं आवार थिएटरात. बाई या वेळी वेंडेलच्या आणि माझ्या मध्ये बसल्या होत्या. पडद्यावर करड्या कोटाची पाठ चालत गेली. साफ पाठ, मधोमध कसलीही पट्टी नसलेली. वेंडेल ताठ झाला आणि त्याने बायकोला कोपर मारलं.

“चाल बघ, लव्हिनिया. पाठमोरा असलो तरी कळतं. अशी चाल आता कुणाला येत नाही.”

“नाही हो येत,” बाई म्हणाल्या आणि सावकाश माझ्याकडे वळून बघितलं. मी पॉपकॉर्नच्या पिशवीत तोंड घातलं.

वेंडेल पुढे वाकून मला विचारत होता, काय क्लाइड, खरं की नाही?

मी म्हटलं, खरं आहे. आणि चाल बरी होतीच.